पिसा, बावळा, वेडा : शब्दांचा अर्थ आणि आजाराची ओळख



वर्षावासातल्या एका रविवारी आम्ही खेड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत ग्रंथवाचनाला गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. विहार भरलेला होता. वाचन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तिशीतला एक तरुण आला. मागे बसलेल्या मुलांपैकी एक जण हळूच म्हणाला, "येडा आला." दोघं-तिघं हसली. त्या तरुणाने ते ऐकलं. तो आत आलाच नाही. दारात जिथे चपला काढून ठेवल्या होत्या, तिथेच भिंतीला टेकून बसला आणि शेवटपर्यंत वाचन ऐकत राहिला.

वाचन संपल्यावर आम्ही त्याच्याशी बोललो. काही वर्षांपूर्वी मुंबईत कामाला असताना त्याला आजार झाला होता. कानात आवाज यायचे, झोप उडाली होती, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटायचं. घरच्यांनी गावाला आणलं. पहिले काही महिने भगत, अंगारे आणि उतारे यांत गेले. नंतर एका शहाण्या मामाने त्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेलं. उपचार झाले, तो सावरला. आज तो रंगकामाला जातो, स्वतःची भाकरी कमावतो, रात्री एक गोळी घेतो. तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही आरोग्याचं लिहिता ना? मी गोळी रोज घेतो. पण ह्यांच्या तोंडाला काय औषध?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. या महिन्याचं हे पान त्या प्रश्नावरच लिहिलं आहे. मन बिघडलेल्या माणसासाठी आपण कोणकोणते शब्द वापरतो, ते कुठून आले आणि ते उच्चारताना आपण नकळत काय मान्य करतो, हे आज पाहू. आपण कुठला शब्द वापरतो त्यावर आजारी माणसाला कुठे न्यायचं हेही ठरतं, म्हणून आरोग्याच्या पानावर हा भाषेचा धडा.

पिसा : पिशाचाचा शब्द

जुन्या मराठीत वेड्या माणसाला 'पिसा' म्हणत आणि वेडाला 'पिसे'. हा शब्द संस्कृत 'पिशाच' या शब्दापासून प्राकृत भाषांतून झिजत झिजत मराठीत आला. 'पिसाट' त्याच घरचा. कुत्रा 'पिसाळतो' तोही याच कुळातला शब्द. म्हणजे ज्यांनी हा शब्द घडवला त्यांची समजूत सरळ होती : माणूस विचित्र वागतो, कारण त्याच्या अंगात पिशाच शिरलं आहे.

आज आपण 'पिसा' फारसं म्हणत नाही. पण ती समजूत दुसऱ्या शब्दांत शिल्लक आहे. 'झपाटलंय', 'बाहेरचं आहे', 'बाधा झाली', 'करणी केली', 'लागिर झालं' असं आपण ऐकतो. 'वेड लागलं' म्हणतानासुद्धा क्रियापद बघा. भूत लागतं, नजर लागते, तसंच वेड लागतं. जणू काही बाहेरून आलं आणि माणसाला चिकटलं. बाहेरून आलं म्हटलं की ते बाहेर काढणारा माणूस शोधणं आलं. मग भगत आला, देवऋषी आला, कोंबडा आला, मिरच्यांची धुरी आली.

१९५६ नंतर आपल्या आईवडिलांनी, आजोबा-आजींनी घरातले देव बाहेर काढले. भुताखेतांची भीती टाकून द्यायला बाबासाहेबांनी शिकवलं. पण घरातलं तरणंताठं पोर रात्री एकटंच बडबडायला लागलं की आपला धीर सुटतो. मग अंधार पडल्यावर, कोणाला कळू न देता, आपणही त्या उंबऱ्यावर जातो. हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पोटच्या पोराच्या काळजीने माणूस काहीही करतो. पण त्या वेळी आपलं पाऊल एका जुन्या शब्दाच्या मागे चाललेलं असतं, एवढं तरी ओळखायला हवं.

आता पिसाळलेल्या कुत्र्याकडे पाहा. शब्द त्याच पिशाचाचा. पण कुत्रा का पिसाळतो हे आज आपल्याला माहीत आहे. रेबीज नावाच्या विषाणूने त्याचा मेंदू बिघडतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये त्यावरची लस पहिल्यांदा माणसाला दिली. आज वाडीत कोणाला कुत्रा चावला तर आपण जखम साबणाने धुतो आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला पळतो. कुत्र्याच्या अंगात कोण शिरलंय असं विचारत बसत नाही. शब्द पिशाचाचाच राहिला, पण वागणं बदललं. माणसाच्या बाबतीत अजून तेवढं झालेलं नाही.

बावळा : वाताचा शब्द

दुसरा शब्द 'बावळा'. आज त्याचा अर्थ भोळसट, मंद असा होतो. मूळ संस्कृत शब्द 'वातुल', म्हणजे ज्याच्या शरीरातला वात बिघडला आहे तो. हिंदीतला 'बावला' त्याचाच भाऊ. जुन्या वैद्यांची समजूत अशी की वात, पित्त, कफ यांचा तोल गेला की शरीराबरोबर बुद्धीही बिघडते. 'तापात वात झाला', 'वातात बरळतोय' असं आजही म्हातारी माणसं म्हणतात.

वात-पित्ताचा हिशेब आजचं वैद्यक मानत नाही. पण पिशाच सोडून शरीराकडे पाहणं, हे या शब्दाचं एक पाऊल पुढे होतं. आणि त्यातली एक गोष्ट आजही उपयोगाची आहे. माणूस अचानक, एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, दिवस आहे की रात्र ते कळेना, तर पुष्कळदा त्यामागे शरीराचा आजार असतो. जोराचा ताप, मेंदूज्वर, मधुमेहाच्या माणसाची साखर एकदम खाली जाणं, म्हाताऱ्या माणसात लघवीचा जंतुसंसर्ग, डोक्याला मार, ही त्याची नेहमीची कारणं. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात, फिट येते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही एखाद्या बाईची झोप उडून तिचं मन एकाएकी बिघडू शकतं. या सर्व प्रसंगी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. सकाळपर्यंत वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो.

चळ, विक्षिप्त, भ्रमिष्ट : जागा सोडलेलं मन

तिसरा गट हलण्या-फिरण्याच्या शब्दांचा आहे. 'चळ लागला', 'डोकं चळलं' यातला 'चळ' म्हणजे चळणं, जागा सोडून सरकणं. सारखे हात धुणं, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणं, मनात एकच विचार नको असताना येत राहणं, या आजाराला मराठीत 'मंत्रचळ' असं नेमकं नाव आहे. 'माथेफिरू' म्हणजे माथं फिरलेला. 'भ्रमिष्ट' यातला 'भ्रम' म्हणजे भटकणं, गरगरणं. 'विक्षिप्त' म्हणजे फेकलं गेलेलं, इकडे तिकडे विखुरलेलं.

या शब्दांत भूत नाही आणि वातही नाही. मन आपल्या जागेवर नाही, एवढंच ते सांगतात. जे जागेवरून सरकलं ते परत जागेवर येऊ शकतं, ही आशा या शब्दांत आहे. पण वापरून वापरून त्यांच्याही शिव्या झाल्या. वर्तमानपत्रात खून करणाऱ्याला सर्रास 'माथेफिरू' लिहितात. त्यामुळे मनाचा आजार असलेला प्रत्येक माणूस अंगावर धावून येणारा, असा समज होतो. प्रत्यक्षात असे बहुसंख्य रुग्ण कोणाला त्रास देत नाहीत. उलट तेच मार खातात, फसवले जातात, उपाशी राहतात.

वेडा : चांगल्या-वाईटाची सरमिसळ

'वेडा' हा तर आपला रोजचा शब्द. किती ठिकाणी तो येतो पाहा. तारांवर बसून माश्या टिपणाऱ्या हिरव्या पाखराला आपण 'वेडा राघू' म्हणतो. कुठेही उगवणाऱ्या काटेरी झाडाला 'वेडी बाभूळ'. ओबडधोबड ते 'वेडंवाकडं'. नक्कल करून चिडवणं म्हणजे 'वेडावणं'. आणि दुसरीकडे, एखाद्या गोष्टीचा जिवापाड ध्यास म्हणजेही 'वेड'. बाबासाहेबांना पुस्तकांचं वेड होतं हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पुस्तकांसाठी त्यांनी दादरला 'राजगृह' बांधलं. 'ध्येयवेडा' हा तर सन्मानच.

एवढ्या अर्थांनी फिरणारा शब्द आजाराचं नाव होऊ शकत नाही. 'तापाने आजारी' म्हटलं की काय झालं ते कळतं. 'वेडा' म्हटल्याने काय कळलं? झोप नाही, की आवाज ऐकू येतात, की मन उदास आहे, की दारू सुटल्यामुळे भ्रम झाला? काहीच कळत नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. ताप आलेल्या माणसाला कोणी कायमचा 'तापाडा' म्हणत नाही. ताप उतरला की नाव संपलं. 'वेडा' मात्र आजार उतरल्यावरही नावाला चिकटतो. चपलांपाशी बसलेल्या त्या तरुणाचं दुखणं नेमकं हेच होतं.

चंद्र, अमावास्या आणि रत्नागिरीचं रुग्णालय

ही चूक फक्त आपलीच नाही. इंग्रजीत मनोरुग्णाला पूर्वी 'लूनॅटिक' म्हणत. लॅटिन भाषेत 'लूना' म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलेबरोबर वेड वाढतं-कमी होतं अशी युरोपातली समजूत होती. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला 'त्याचा जोर वाढतो' म्हणतात, तसंच ते.

तोच शब्द घेऊन इंग्रजांनी कायदे केले. १८५८ मध्ये 'लूनॅटिक असायलम' म्हणजे वेड्यांच्या आश्रयस्थानांचा कायदा आला. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं, ते या काळातलं. १९१२ मध्ये 'इंडियन लूनसी ॲक्ट' आला आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं तोच चालू राहिला. १९८७ च्या कायद्याने 'लूनॅटिक' हा शब्द काढून टाकला. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. तो 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असं म्हणतो. व्यक्ती आहे, आणि तिला एक आजार आहे, या दोन गोष्टी त्यात वेगळ्या राहतात.

मराठीतही 'वेड्यांचं इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आलं. 'रुग्ण' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ मोडणं, दुखावणं असा आहे. मोडलेलं हाड जसं बसवता येतं तसा हा शब्द उपचाराची वाट दाखवतो. महाराष्ट्रात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्या दारातलं रुग्णालय रत्नागिरीचं. पण भांडणात "ह्याला रत्नागिरीला पाठवा" असं म्हणून आपण त्या गावाच्या नावाचीसुद्धा शिवी केली. मग खरी गरज पडते तेव्हा घरचे लोक लाजेने तिथे जात नाहीत. त्या एका टोमण्याने किती घरांचे उपचार लांबले असतील, याचा विचार करा.

नाव बदलून फरक पडतो का, असं कोणी विचारेल. जपानचं उदाहरण पाहा. तिथे स्किझोफ्रेनिया या आजाराचं जे जुनं नाव होतं त्याचा अर्थ 'मन फाटण्याचा आजार' असा होता. ते नाव इतकं भयंकर वाटे की डॉक्टरही रुग्णाला सांगायला कचरत. रुग्णांच्या नातेवाइकांनी मागणी केली आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण 'मनाचा मेळ बिघडण्याचा आजार' असा आहे. त्यानंतर रुग्णाला आजाराचं खरं नाव सांगण्याचं प्रमाण बरंच वाढलं. ज्याला आपला आजार कळतो तो औषधही नीट घेतो.

बुद्धांच्या संघात काय होतं?

आता आपल्या धम्माकडे येऊ. विनयपिटकात भिक्खूंच्या चुकांचे नियम आहेत. जवळजवळ प्रत्येक नियमाच्या शेवटी कोणाला दोष लागत नाही ते सांगितलं आहे. त्यात 'उम्मत्तक', 'खित्तचित्त' आणि 'वेदनट्ट' अशी तीन नावं येतात. उम्मत्तक म्हणजे ज्याचं भान गेलं आहे तो. मराठीत तोच शब्द 'उन्मत्त' होऊन 'माजलेला' या अर्थी उरला. खित्तचित्त म्हणजे ज्याचं चित्त फेकलं गेलं आहे तो. वर आलेला 'विक्षिप्त' याच धातूचा. वेदनट्ट म्हणजे वेदनेने व्याकूळ झालेला. या तिघांकडून चूक झाली तर तो गुन्हा धरायचा नाही. आजारात घडलेल्या गोष्टीचा दोष माणसाच्या माथी मारायचा नाही, हे संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

जुन्या ग्रंथांत त्या काळच्या यक्ष-भुतांच्या समजुतीही आढळतात, हे आम्ही लपवत नाही. पण संघाने आजारी भिक्खूशी वागायचं कसं, याचे नियम पाहा. गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत त्यात आहे.

गग्गाचं मन बिघडलं होतं. कधी त्याला उपोसथाची आठवण राही, कधी नाही. कधी तो सभेला येई, कधी येत नसे. बुद्धांनी त्याला संघातून काढलं नाही. त्याच्या आजाराची नोंद सर्वांनी मिळून मान्य करावी, तो आला तरी आणि न आला तरी संघाचं काम वैध धरावं, अशी सोय त्यांनी करून दिली.

पुढे गग्ग बरा झाला. तरी इतर भिक्खू त्याला टोचत राहिले : तू अमुक केलंस, तमुक केलंस, आठवतं का? तो सांगे की तेव्हा मी भानावर नव्हतो, मला आठवत नाही. तरी टोचणं थांबेना. गोष्ट बुद्धांपर्यंत गेली. त्यांनी त्यासाठी एक रीतसर विधी घालून दिला, 'अमूळ्हविनय'. 'मूळ्ह' म्हणजे आपल्या मराठीतला 'मूढ', भान हरपलेला. 'अमूळ्ह' म्हणजे जो आता तसा नाही. बरा झालेल्या भिक्खूने संघापुढे यायचं आणि तीनदा मागणी करायची. संघाने सर्वांसमक्ष ठराव मांडायचा आणि तीनदा विचारून तो मंजूर करायचा. त्यानंतर आजारातल्या वागण्यावरून त्याला कोणी बोल लावायचा नाही. यात लबाडीला जागा ठेवली नव्हती. ज्याला सगळं आठवतंय आणि जो वेडाचं सोंग करतोय, त्याला हा विनय देणं अवैध ठरवलं होतं.

वाद मिटवण्याच्या सात रीतींत 'अमूळ्हविनय' ही एक रीत आहे. त्यामुळे भिक्खू उपोसथाला पातिमोक्ख म्हणतात तेव्हा तिचं नाव घेतलं जातं. उपोसथ कधी असतो? अमावास्येला आणि पौर्णिमेला. जग ज्या रात्री पिशाचाला आणि चंद्राला भीत होतं, त्याच तिथीला भिक्खू बरा झालेल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसण्याचा नियम म्हणत होते. खेड शहरात जुनी बौद्ध लेणी आहेत. आपल्या या जगबुडीच्या खोऱ्यात विनय पाळणारे भिक्खू राहून गेले. हा वारसा आपला आहे.

पटाचाराची गोष्टही आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. नवरा, दोन मुलं, आईबाप, भाऊ, सगळे थोड्याच वेळात गेले आणि तिचं भान हरपलं. अंगावर वस्त्र नाही अशी ती भटकत राहिली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत, ढेकळं मारत. बुद्ध जेतवनात उपदेश करत होते. लोक तिला अडवू लागले, बुद्धांनी तिला येऊ द्यायला सांगितलं. बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले. कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकलं. पुढे तीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली. तिच्याशी बुद्धांचा पहिला शब्द 'बहीण' हा होता.

कायदा आज काय म्हणतो

आश्चर्य वाटेल, पण २०१७ च्या कायद्यात अमूळ्हविनयाला जवळचं एक कलम आहे. पूर्वी मनोरुग्णालयात उपचार घेतले होते, एवढ्याच कारणावरून कोणाला आज किंवा उद्या मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. शिवाय :

• कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे अशा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले. पळता येत नव्हतं म्हणून मेले.

• दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, पिवळं कार्ड नसलं तरी.

• रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत टाकायचं नाही, तपासणीसाठी न्यायचं.

आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

घरात काय करायचं

आधी ओळखा. पुढच्यापैकी काही दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जा : झोप उडणं किंवा दिवसभर पडून राहणं, जेवण टाकणं, आंघोळ-कपड्यांचं भान नसणं, कामात लक्ष न लागणं, सतत रडू येणं. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकणं, विनाकारण संशय, एकट्याशी बोलणं, झोप नसताना अफाट उत्साह आणि उधळपट्टी, यांसाठी तर दोन आठवडेही थांबू नका. "जगून काय उपयोग" असं कोणी म्हणालं तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि साठवलेल्या गोळ्या हाताला लागणार नाहीत असं करा, आणि त्याच दिवशी मदत घ्या.

मग कुठे जायचं? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी मागा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही. बहुतेक जण तपासून, गोळ्या घेऊन घरी येतात. बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

औषधांबद्दल दोन गोष्टी. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोप जास्त येते, वजन वाढतं, हात थरथरतात असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा गोळी बदलतात. रक्तदाबाची गोळी जशी काही जण वर्षानुवर्षं घेतात तशीच ही. ती घेणारा माणूस वेडा ठरत नाही, तो आपल्या तब्येतीची काळजी घेणारा असतो.

आणि शेवटी शब्द. घरात आणि वाडीत एवढं ठरवूया : आजारी असेल तर "त्याला बरं नाही", "तिच्या मनाचा उपचार चालू आहे" असं म्हणायचं. बरा झाला असेल तर त्याच्या नावाने हाक मारायची, आणि मागचं काढायचं नाही. लग्नाची बोलणी, भाड्याची खोली, मंडळाचं काम यांत जुना आजार ऐकीव गप्पांतून पसरवायचा नाही. जे सांगायचं ते तो स्वतः, योग्य वेळी, खरं सांगेल.

त्या वाडीत पुढे काय झालं

पुढच्या रविवारी आम्ही त्याच विहारात गग्गाची गोष्ट वाचली. कोणाचं नाव घेतलं नाही. वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा येत होता. मग वाडीतल्या एका आजीने दाराकडे पाहून हाक दिली, "बाबू, तिथं ओल आहे, आत ये. माझ्याजवळ बस." तो उठला आणि आत येऊन बसला. गेल्या रविवारी बोललेल्या मुलाने चटई थोडी सरकवली.

मुलं उद्यापासून सुधारतील असं आम्ही म्हणत नाही. पण महिनाभराने कळलं की त्या विहारात रविवारी त्रिसरण-पंचशील आता तो तरुणही म्हणायला घेतो. आवाज चांगला आहे म्हणे. त्याने आम्हाला विचारलेल्या औषधाचा पहिला डोस त्या आजीने दिला. पुढचे डोस आपण सर्वांनी द्यायचे आहेत.

वाडीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत मनाच्या आजाराला कोणकोणते शब्द वापरतात? त्यांतले कोणते शब्द भुताचे आहेत आणि कोणते आजाराचे?

२. कुत्रा चावल्यावर आपण दवाखान्यात जातो. मग मन बिघडल्यावर आधी कुठे जातो, आणि का?

३. गग्ग बरा झाल्यावर संघाने काय केलं? आपल्या वाडीत बऱ्या होऊन आलेल्या माणसासाठी आपण काय करू शकतो?

भवतु सब्ब मंगलं.